भिंतीवरची करवत

मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, माझे आजोळ आहे. घर मातीच्या भिंतींचे आणि कौलारू. त्या घराच्या पडवीत, दाराच्या डाव्या हाताला, एक लांबलचक करवत टांगलेली असे. लांबी चार हात. दोन्ही टोकांना उभ्या लाकडी मुठी. पोटाकडे किंचित बाक आणि त्या बाकावर दातांची रांग. लहानपणी मला ती मगरीच्या जबड्यासारखी वाटे, आणि तिच्याजवळून जाताना मी अंग चोरून जात असे.

एकदा मी आजोबांना विचारले, "आजोबा, सुताराच्या करवतीला एकच मूठ असते. हिला दोन कशाला?"

आजोबा हसून म्हणाले, "अरे, ही दोघांची करवत. एकट्याच्या हाताने ती चालत नाही."

मग त्यांनी मला रानातल्या कामाची हकीकत सांगितली. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके पूर्वीपासून झाडीचे. साग, ऐन, खैर, धावडा, कळंब अशी झाडे येथील डोंगरांवर वाढतात. जंगलखाते रानाचे भाग पाडी. अशा भागाला 'कूप' म्हणत. कुपातील जी झाडे तोडावयाची, त्यांवर आधी खुणेच्या हातोड्याने ठसा उमटवीत. ठसा नसलेल्या झाडाला हात लावावयाचा नाही, असा नियम असे. पूर्वी हे काम ठेकेदार घेत आणि मजुराच्या पदरी फार थोडे पडे. पुढे १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या आणि तोडणीची कामे त्या संस्थांना मिळू लागली. आजोबा अशाच एका संस्थेचे सभासद होते.

पावसाळा संपला, दिवाळी झाली, की माणसे रानात जात. झाड कोणत्या बाजूला पाडावयाचे हे ठरवून कुऱ्हाडीने त्या बाजूला खाच घेत. मग दोघे जण समोरासमोर बसत आणि मागील बाजूने करवत लावीत. करवत निम्मी आत गेली, की झाडाचा भार तिच्यावर येऊन ती अडकते. तसे होऊ नये म्हणून तिच्या मागे लाकडाची पाचर ठोकीत. झाड पडले, की फांद्या छाटून खोडाचे ओंडके करीत, आणि बैलांच्या साहाय्याने ते ओढून रस्त्यापर्यंत आणीत. तेथून ते गाडीने वखारीत जात.

"मला शिकवा ना," मी हट्ट धरला.

त्या दिवशी परसात आंब्याची एक वाळलेली फांदी पडली होती. आजोबांनी करवत खाली काढली. एक मूठ माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली. मी सारा जोर लावून ढकलू लागलो. करवतीचे पाते वाकले, थरथरले आणि जागीच अडकले.

"ढकलायचे नाही," आजोबा म्हणाले. "आपली पाळी आली, की ओढायचे. दुसऱ्याची पाळी आली, की हात सैल सोडायचा. पण मूठ सोडायची नाही."

थोड्या वेळाने ते मला जमू लागले. दातांतून भुसा झरू लागला. करवत बोलू लागली. तिचा सूर जाताना एक आणि येताना दुसरा असे.

पुढे मी मोठा झालो, शिक्षक झालो, आणि शहापूर तालुक्यातील एका शाळेत नोकरीला लागलो. एका सुटीत आजोळी गेलो असता पडवीतील करवतीचे एक सुंदर छायाचित्र मी मोबाईलवर घेतले. आजोबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "काढून धरू का? चालवून दाखवतो." मला घाई होती. "पुढच्या वेळी, आजोबा," असे म्हणून मी निघालो. पुढची वेळ आलीच नाही. त्याच पावसाळ्यात आजोबा गेले.

आजीने ती करवत मला दिली. मी ती शाळेत नेऊन वर्गाच्या भिंतीवर लावली आणि तिची माहिती मुलांना सांगितली. पाते किती लांब, दात किती, मूठ कोणत्या लाकडाची, हे सारे सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ही चालताना आवाज कसा येत होता?"

मी तोंडाने तो आवाज काढून पाहिला. वर्ग हसला. मीही हसलो, परंतु मनातून मला वाईट वाटले. करवत माझ्यापाशी होती. ती धरणारे हात, त्यांची लय, दोघांनी एकमेकांचा श्वास ओळखून केलेली ओढ, यांतले काहीही माझ्यापाशी उरले नव्हते. माझ्या मोबाईलमध्ये करवतीचे छायाचित्र होते. तेवढ्याच वेळात आजोबांच्या हातांचे चलच्चित्र घेता आले असते, ते मी घेतले नाही.

मुलांनो, अवजार भिंतीवर ठेवता येते. पण ते चालविण्याची कृती भिंतीवर टांगता येत नाही. कृती म्हणजे हालचाल. हालचाल साठवून ठेवण्याचे साधन माणसाला फार उशिरा सापडले. ते साधन म्हणजे चित्रपट.

चित्रपटात चित्र हलताना दिसते, पण फितीवरील प्रत्येक चित्र स्थिरच असते. बोलपटाच्या फितीवर दर सेकंदाला अशी २४ चित्रे घेतलेली असतात. ती त्याच वेगाने डोळ्यांपुढून गेली, की आपल्याला अखंड हालचाल दिसते.

आज चित्रपट म्हटला की आपल्यापुढे कथा, नट आणि गाणी येतात. पण त्याचा आरंभ साध्या कामधंद्याच्या चित्रांनी झाला. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस शहरात ल्युमिएर बंधूंनी जो प्रसिद्ध खेळ केला, त्यात ऐरणीवर काम करणाऱ्या लोहारांचे एक छोटेसे चित्र होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला. त्यात येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार आणि भिंत पाडणारे मजूर लोकांनी पाहिले. आपल्याकडील हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यापुढे कॅमेरा ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. बी रुजून रोप कसे वाढते, हे लोकांना त्या चित्रात काही क्षणांत दिसले.

जंगलातील जुन्या अवजारांचेही असे चित्रण कोणी करून ठेवले आहे काय, याचा मी शोध घेऊ लागलो. शोध घेता घेता मी दूर अमेरिकेत जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांच्या आणि संगणकाच्या साहाय्याने!

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथे घनदाट अरण्ये आहेत. त्या राज्यात आल्फ्रेड एम्स या नावाचे एक गृहस्थ लाकडाच्या कंपनीचे मालक होते. त्यांच्या डोळ्यांदेखत काळ बदलत होता. ओंडके ओढण्यासाठी वाफेचे यंत्र त्याच राज्यात लोंबार्ड नावाच्या कारागिराने १९०१ च्या सुमारास बनविले होते. पुढे तेलावर चालणारी यंत्रे आली. कुऱ्हाड, दोघांची करवत आणि घोडे यांच्या बळावर चालणारे जुने काम आता फार दिवस टिकणार नाही, हे एम्स यांनी ओळखले. त्यांनी १९३० साली १६ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर ते सारे काम चित्रित केले. हिवाळ्यात बर्फात चाललेली तोड, घसरगाडीवर रचलेले ओंडके ओढणारे घोडे, वसंतात बर्फ वितळल्यावर नदीतून वाहत जाणारे हजारो ओंडके, पाण्यात उभे राहून ते पुढे लोटणारी धाडसी माणसे, गिरणीतील कापणी आणि शेवटी जहाजात भरले जाणारे लाकूड, असा झाडाच्या बुंध्यापासून जहाजापर्यंतचा सारा प्रवास त्यात आला. म्हणूनच त्या चित्रपटाचे नाव 'फ्रॉम स्टंप टू शिप', म्हणजे 'बुंध्यापासून जहाजापर्यंत' असे आहे.

एम्स यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. चित्रपट मुका होता. म्हणून कोणत्या दृश्यात काय चालले आहे, हे सांगणारे निवेदन त्यांनी लिहून ठेवले. पुढे ती फीत आणि ते निवेदन मेन विद्यापीठाकडे आले. १९८५ साली तेथील अभ्यासकांनी फितीची दुरुस्ती केली, निवेदन एका कलावंताच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले, आणि तो चित्रपट राज्यातील गावोगावी दाखविला. हजारो लोक तो पाहावयास आले. लोकांचे हे प्रेम पाहून १९८६ साली त्या भागातील जुन्या फिती जतन करणारी एक संस्था निघाली. तिचे नाव 'नॉर्थईस्ट हिस्टॉरिक फिल्म'. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या लहानशा चित्रपटाला स्थान मिळाले.

ही हकीकत वाचताना मला एक गोष्ट विशेष जाणवली. एम्स यांनी चित्रण केले, हे पहिले काम. कोणीतरी ती फीत पन्नास वर्षांहून अधिक काळ सांभाळली, हे दुसरे काम. आणि ती पुन्हा लोकांपुढे आणली, हे तिसरे काम. यांतील एकही काम झाले नसते, तर त्या जुन्या लाकूडतोड्यांचे कसब कायमचे हरवले असते.

फीत सांभाळणे हे सोपे काम नाही. चित्रपटाची फीत दिसते निर्जीव, पण ती म्हातारी होते, आजारी पडते आणि मरते. आरंभीच्या काळात फिती नायट्रेट नावाच्या पदार्थाच्या असत. त्या झटकन पेट घेत. जळताना त्या स्वतःच प्राणवायू सोडतात, त्यामुळे पाण्यात बुडवूनही त्यांची आग विझत नाही. पुढे ॲसिटेटच्या फिती आल्या. त्या तशा पेटत नाहीत. परंतु उष्ण आणि दमट हवेत त्या हळूहळू सडतात, आकसतात, आणि त्यांना शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागतो. एका फितीला हा रोग लागला, की शेजारच्या फितींनाही तो लागतो. आपल्या ठाणे जिल्ह्यातील पावसाळा आठवा. ट्रंकेत ठेवलेल्या कपड्यांना जेथे बुरशी येते, तेथे फितीची काय कथा! म्हणून फिती थंड आणि कोरड्या खोलीत ठेवाव्या लागतात, मधून मधून तपासाव्या लागतात, आणि त्या बिघडण्यापूर्वी त्यांची नवी प्रत काढावी लागते.

हवेपेक्षाही मोठा शत्रू म्हणजे माणसाचा निष्काळजीपणा. काळ्या-पांढऱ्या फितीतील चित्र चांदीच्या बारीक कणांचे बनलेले असते. चित्रपट जुना झाला, की तो कोण पाहणार, असे म्हणून कित्येकांनी चांदी काढण्यासाठी फिती धुऊन टाकल्या. भारतात हजाराहून अधिक मूकपट तयार झाले; त्यांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झालेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

जे वाचले, ते काही माणसांच्या ध्यासामुळे वाचले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पुढच्याच वर्षी पी. के. नायर हे तरुण गृहस्थ तेथे कामाला लागले. ते मूळचे केरळातील. पण त्यांनी आपले आयुष्य पुण्यातील या संग्रहालयाला वाहिले. कोठे जुनी फीत असल्याची वार्ता कानी आली, की ते तिच्या मागावर निघत. फाळके यांच्या कुटुंबीयांना गाठून त्यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग मिळविले. १९१३ साली प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. संग्रहालयात त्याची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे आहेत. १९१९ च्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने कृष्णाचे काम केले होते. शंभर वर्षांपूर्वीची ती बालिका आजही पडद्यावर हसते, नाचते. कारण कोणीतरी ती फीत जपली. १९९१ साली नायर निवृत्त झाले, तेव्हा संग्रहालयात सुमारे १२,००० चित्रपट जमले होते. २०१६ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. आता हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या व्यवस्थेखाली आहे.

नायर हे कुलूप लावून बसणारे रखवालदार नव्हते. देशोदेशीचे उत्तम चित्रपट त्यांनी गावोगावच्या संस्थांना दाखविण्यासाठी दिले. कर्नाटकातील हेग्गोडू या लहानशा खेड्यात 'नीनासम' नावाची संस्था आहे. तेथील शेतकऱ्यांनी आणि मजुरांनीही असे चित्रपट पाहिले. चित्रपट दाखविला नाही, तर तो जपण्यात अर्थ काय, अशी त्यांची धारणा होती.

तथापि, एकाच ठिकाणी ठेवलेल्या वस्तूला नेहमीच धोका असतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेटच्या फिती ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि अनेक जुन्या मराठी व हिंदी चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती आधीच काढून अन्यत्र ठेवल्या होत्या, तेवढे चित्रपट आपल्यासाठी उरले. एक प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखेच, हा धडा त्या आगीने शिकविला.

हे सारे मी वर्गात सांगितले. पुन्हा तीच मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, करवत दोघांची होती ना? मग दुसरे आजोबा कोठे आहेत?"

मी चमकलो. हा विचार माझ्या मनातच आला नव्हता!

आजीला विचारले. आजोबांचे जोडीदार शहापूर तालुक्यातच, खर्डीच्या पलीकडील एका पाड्यावर राहत होते. त्यांनी ऐंशी ओलांडली होती. एका रविवारी आम्ही करवत घेऊन त्यांच्याकडे गेलो. मी आणि सहा मुले.

जोडीदार आजोबांनी करवत मांडीवर आडवी घेतली. दातांवरून अंगठा फिरविला. एका दातापाशी तो थांबला. "हा दात माझ्या हातून मोडला होता. बुंध्यात दगड रुतला होता," ते म्हणाले. "तुझ्या आजाने दोन दिवस बसून कानशीने नवा दात पाडला." मी इतकी वर्षे ती करवत पाहत होतो, एक दात इतरांहून आखूड आहे, हे मला कधी दिसले नव्हते.

आम्ही त्यांची परवानगी विचारली. चित्रण कशासाठी करावयाचे आणि ते कोणाला दाखवावयाचे, हे सांगितले. ते म्हणाले, "दाखवा की. पण त्याचंही नाव सांगा. करवत दोघांची आहे."

त्यांच्या बांधावर वादळात पडलेला एक आंबा होता. आधी त्यांनी कानशीने दात घासले. मग एक दात किंचित डावीकडे, दुसरा किंचित उजवीकडे, असे ते वाकवून घेतले. यामुळे पात्याहून रुंद चीर पडते आणि पाते अडकत नाही, हे त्यांनी मुलांना समजावून दिले. मग ते बसले. समोरची मूठ मी धरली. एका मुलाने दुरून दोघांचे चित्रण केले. दुसऱ्याने जवळून फक्त हात टिपले. त्या मुलीने आवाज ध्वनिमुद्रित केला. बाकीच्यांनी प्रत्येक शब्द वहीत उतरवून घेतला. करवत चालू असता कोणी बोलावयाचे नाही, असे आधीच ठरले होते.

करवत चालू झाली. जाताना एक सूर, येताना दुसरा. मी तो सूर लगेच ओळखला. माझे डोळे भरून आले, पण मूठ सोडावयाची नव्हती. एक-दोन वेळा मी चुकून ढकलले. जोडीदार आजोबा थांबले आणि म्हणाले, "तुझा आजाही पहिल्या दिवशी असाच ढकलत होता!"

महिन्याभराने शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर आम्ही ते चलच्चित्र गावाला दाखविले. आरंभी दोघांची नावे झळकली. म्हातारी माणसे पुढे येऊन बसली. आवाज सुरू होताच त्यांच्यातील एक-दोघांचे हात नकळत पुढे-मागे हलू लागले. खेळ संपल्यावर एक आजी उठल्या आणि रागाने म्हणाल्या, "यात आम्ही कुठं आहोत? फांद्या छाटून मोळ्या कोणी बांधल्या? उन्हातून पाणी कोणी आणलं?" आम्ही वरमलो. पुढच्या रविवारी त्या आजींचे कोयत्याचे काम आम्ही चित्रित केले. भिंतीवर खेळ दाखविला नसता, तर आमचे काम अपुरे आहे हे आम्हाला कळलेच नसते.

आज त्या चित्रणाच्या तीन प्रती आहेत. एक शाळेत, एक जोडीदार आजोबांच्या मुलाकडे आणि एक मुरबाडला माझ्या आजोळी. प्रत्येकीसोबत एक कागद आहे. त्यावर दिवस, ठिकाण, माणसांची नावे, अवजारांची नावे आणि चित्रण करणाऱ्यांची नावे लिहिली आहेत. संगणकातील चित्रणही अमर नसते. तबकडी बिघडते, यंत्रे बदलतात. म्हणून दर २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मुले तिन्ही प्रती उघडून पाहतात, आणि काही वर्षांनी नव्या साधनावर त्यांची प्रत काढावयाची, असे आम्ही ठरविले आहे.

कोणी विचारील, झाडे तोडण्याचे कसब कशाला जपावयाचे? झाडे तर वाचवावयास हवीत! खरेच आहे. तानसाच्या परिसरातील रान १९७० सालापासून अभयारण्य आहे, आणि ते तसेच राहावे. करवतीची आठवण ठेवणे म्हणजे ती पुन्हा रानात नेणे नव्हे. ज्या माणसांच्या घामावर घरांच्या तुळया आणि शाळेची बाके उभी राहिली, त्यांचे कष्ट आणि त्यांचे ज्ञान विसरू नये, एवढाच याचा अर्थ.

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल. जाते असेल, मोट असेल, मासे पकडावयाचे जाळे असेल. ती चालविणारे हात घरात असतील, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. "पुढच्या वेळी" असे म्हणू नका.

ती करवत अजून आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. नवीन मुले येतात आणि विचारतात, "सर, हिचा आवाज कसा येत होता?" आता मी तोंडाने आवाज काढीत नाही. मी वर्गाच्या खिडक्या लावतो, आणि मुलांना सांगतो, "गप्प बसा. ऐका."

शब्दार्थ

कूप – तोडणीसाठी ठरविलेला जंगलाचा भाग. पाचर – फटीत ठोकावयाचा लाकडाचा निमुळता तुकडा. कानस – धातू घासण्याचे खरबरीत हत्यार. वखार – लाकूड साठविण्याची व विकण्याची जागा. शिरका – आंबवून तयार केलेले आंबट द्रव. वरमणे – ओशाळणे. धारणा – मनातील पक्की समजूत.

स्वाध्याय

१. दोघांची करवत चालविताना कोणता नियम पाळावा लागतो? तो न पाळल्यास काय होते?
२. करवतीचे दात डावीकडे व उजवीकडे का वाकवितात?
३. आल्फ्रेड एम्स यांनी चित्रपटासोबत निवेदन लिहून ठेवले, याचा पुढे काय उपयोग झाला?
४. 'एक प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखेच' या वाक्याचा अर्थ पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
५. "पण त्याचंही नाव सांगा" असे जोडीदार आजोबा का म्हणाले असतील?
६. खेळ संपल्यावर आजी रागावल्या. त्यांचा राग योग्य होता काय? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
७. पुढील शब्द वाक्यांत योजा : नकळत, ध्यास, कसब, अंग चोरणे, डोळे भरून येणे.
८. तुमच्या घरातील किंवा गावातील एका जुन्या अवजाराची माहिती ते वापरणाऱ्या व्यक्तीला विचारून लिहा. तिची परवानगी घेऊन, शक्य असल्यास, ते चालवितानाचे चित्रण करा व वर्गात दाखवा.